तारखांच्या आधी गृहीतकं: प्रकल्पाची आखणी करायला शिकताना

नव्या प्रकल्पप्रमुखाकडे काम आलं की तो बहुधा एक्सेल उघडतो, डावीकडे कामांची नावं आणि वर महिने लिहायला घेतो. तासाभरात रंगीत पट्ट्यांचा तक्ता तयार होतो. तो बघून सगळ्यांना बरं वाटतं, पण त्यातली बहुतेक प्रत्येक तारीख अंदाजपंचे असते. पट्ट्यांचा हा तक्ता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो आणि शंभर वर्षांनंतरही तो उपयोगीच आहे. मात्र त्याची जागा आखणीच्या शेवटी आहे. त्याआधीची कामं कंटाळवाणी वाटतात म्हणून टाळली जातात आणि प्रकल्प रखडण्याची बीजं तिथेच पडतात.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. एका संस्थेत १२,००० जुन्या कागदी फायली आहेत. त्या स्कॅन करून संगणकावर आणण्याचं काम तुमच्याकडे आलं आहे. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण हिशेबाची रीत कुठल्याही प्रकल्पाला लागू पडते.

आधी नेमकी अडचण लिहा

‘फायली स्कॅन करणे’ ही कृती झाली. ती कशासाठी करायची हे एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यात ‘स्कॅन’ हा शब्द येऊ देऊ नका. समजा वाक्य असं झालं: ‘जुनी फाईल मागितली तर सापडायला सरासरी दोन दिवस जातात आणि काही सापडतच नाहीत.’ आता लगेच तीन प्रश्न उभे राहतात. सगळ्या १२,००० फायली कोणी मागतं का? सापडत नाहीत त्या कागदावर आहेत म्हणून, की सूची नाही म्हणून? आणि स्कॅन केलेली फाईल ‘स्कॅन००४७’ अशा नावाने पडून राहिली तर ती तरी कशी सापडणार?

यासाठी समस्येचं झाड काढतात. मोठा कागद घ्या आणि मधोमध मुख्य अडचण लिहा. खाली तिची कारणं, कारणांखाली त्यांची कारणं. वर तिचे परिणाम. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि ती आहे त्या स्थितीच्या रूपात. ‘संगणक नाही’ असं लिहिलं की उपाय आधीच ठरल्यासारखा होतो. ‘फाईल कुठल्या कपाटात आहे हे एकाच माणसाला ठाऊक’ असं लिहिलं तर विचाराला वाट राहते. हे काम एकट्याने करू नका. फायली रोज हाताळणारी माणसं बोलवा, कारण तळाची कारणं त्यांच्याकडेच असतात. मग प्रत्येक चिठ्ठी उलटी करा: अडचणीच्या जागी सुटलेली स्थिती. हे झालं उद्दिष्टांचं झाड. त्यातली कुठली फांदी तुमचा प्रकल्प हाती घेणार आणि कुठली दुसऱ्यांवर सोडणार, हे उघडपणे ठरवा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करा, नंतर ती करताच येत नाही. आजची स्थिती मोजून ठेवा. पुढच्या ३० मागण्यांची वेळ टिपा: मागितली कधी, मिळाली कधी, मिळालीच नाही का. काम पूर्ण झाल्यावर ‘फरक किती पडला’ असं कोणी विचारलं की हाच कागद कामी येतो.

चार पायऱ्या आणि त्यांच्यामधली गृहीतकं

१९६९ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसाठी, म्हणजे यूएसएडसाठी, ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ नावाचा तक्ता तयार झाला. विकासकामांत तो ‘लॉगफ्रेम’ म्हणून रुळला. चार ओळी, चार रकाने. वरून खाली ओळी अशा: दूरचं ध्येय, प्रकल्पाचं उद्दिष्ट, फलितं, कृती. रकाने असे: काय साधायचं, ते कशावरून कळेल, पुरावा कुठून मिळेल, आणि काय गृहीत धरलं आहे.

आपल्या उदाहरणात ‘१२,००० फायली स्कॅन झाल्या’ हे फलित आहे. उद्दिष्ट असं असेल: ‘मागितलेल्या १०० फायलींपैकी किमान ९५ पाच मिनिटांत सापडतात.’ पहिलं तुमच्या हातात आहे. दुसरं पूर्णपणे तुमच्या हातात नाही, कारण मध्ये एक गृहीतक बसलं आहे: कर्मचारी खरोखरच संगणकावर शोधतील, जुन्या सवयीने कपाटाकडे जाणार नाहीत.

तक्ता खालून वर वाचा. ‘ही कामं झाली आणि ही गृहीतकं खरी ठरली, तर हे फलित मिळेल, ते मिळालं आणि ही गृहीतकं खरी ठरली, तर उद्दिष्ट साधेल.’ वाचताना जिथे अडखळाल तिथे आखणी कच्ची आहे असं समजा. प्रत्येक गृहीतकाला दोन प्रश्न विचारा: ते खोटं ठरलं तर किती बिघडेल? आणि ते खरं ठरण्याची शक्यता किती? फारसं बिघडणार नसेल तर विसरा. बरंच बिघडेल पण शक्यता चांगली असेल तर लक्ष ठेवा. बरंच बिघडेल आणि शक्यताही कमी असेल, तर ते गृहीतक रकान्यातून काढून कामात आणा. कर्मचारी नवी पद्धत वापरतील याची खात्री नसेल तर प्रशिक्षण आणि पहिला महिनाभर मदतीला बसणारा माणूस या प्रकल्पाच्याच कृती झाल्या. तसं करणंही शक्य नसेल तर प्रकल्पाचा घाटच बदलावा लागतो. हा निर्णय आता घेणं स्वस्त पडतं.

बहुतेकांचा हा चौथा रकाना शेवटी, घाईत भरला जातो. ‘सर्वांचं सहकार्य मिळेल’ असलं वाक्य तिथे दिसलं तर समजावं की विचार झालेला नाही. कोणाचं, कशासाठी, कधी, आणि नाही मिळालं तर काय, हे लिहिलं तरच ते गृहीतक तपासता येतं.

काय करणार नाही

व्याप्ती लिहिताना ‘करणार’ आणि ‘करणार नाही’ अशा दोन याद्या करा. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, कारण वाद तिच्यावरूनच होतात. उदाहरणार्थ: हस्तलिखित मजकूर टंकित करणार नाही, गेल्या दोन वर्षांच्या फायली घेणार नाही, कारण त्या अजून चालू आहेत, मूळ कागद नष्ट करण्याचा निर्णय या प्रकल्पात नाही. यादीवर काम सोपवणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्या.

रचना ठरण्याआधी बांधकामाला हात घातला की काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण सिडनीचं ऑपेरा हाउस. त्याचा पहिला अंदाज सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता आणि ते १९६३ मध्ये पूर्ण व्हायचं होतं. पायाचं काम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा छपराची शिंपल्यांसारखी रचना नेमकी कशी उभी राहणार हे सुटलेलं नव्हतं. पुढे छपराचा भार कळला तेव्हा खालचे खांब अपुरे ठरले आणि पुन्हा बांधावे लागले. इमारत १९७३ मध्ये उघडली आणि खर्च सुमारे १० कोटी २० लाख डॉलरवर गेला. वास्तू अप्रतिम झाली हे खरंच. पण ज्यांना असा दहा वर्षांचा उशीर सोसणारं उदार सरकार लाभणार नाही त्यांनी आधी कठीण भाग सोडवावा आणि सोप्याला मग हात घालावा.

कामाची फोड

आता प्रकल्पाचे तुकडे करा. तुकड्यांना क्रियापदाऐवजी वस्तूचं नाव द्या: ‘सूची’, ‘तयार केलेल्या फायली’, ‘तपासलेल्या प्रतिमा’, ‘प्रशिक्षित कर्मचारी’. वस्तू झाली की नाही हे दाखवता येतं. ‘समन्वय साधणे’ कधी झालं हे कोणालाच सांगता येत नाही. वरच्या तुकड्यात जे आहे ते सगळं खालच्या तुकड्यांत आलं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. सर्वात लहान तुकडा साधारण ८ ते ८० तासांचा असावा, अशी जुनी ढोबळ मर्यादा आहे. त्याहून लहान तुकडे सांभाळण्यातच दिवस जातो, आणि त्याहून मोठे असले तर उशीर झालाय हे महिनाभर कळत नाही.

फोड करताना हमखास विसरली जाणारी कामं अशी: मंजुरीची वाट पाहणं, खरेदीची कागदपत्रं, जागा आणि वीजजोडणी, प्रशिक्षण, चुकांची दुरुस्ती, बॅकअप, सुट्ट्या, आणि काम संपल्यावर ते चालवणाऱ्यांच्या हाती सोपवणं. हे शेवटचं तर जवळपास नेहमीच. प्रकल्प संपल्यावर नव्या फायली कोण स्कॅन करणार, हे आखणीतच नसेल तर दोन वर्षांनी तीच अडचण पुन्हा समोर येईल.

अंदाज बांधू नका, आधी थोडं मोजा

इथे जरा थांबायला हवं, कारण आखणीतली सर्वात मोठी चूक इथेच होते.

स्कॅनरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: मिनिटाला ४० पानं. फाईलमागे सरासरी ४० पानं धरली तर एकूण ४,८०,००० पानं. तासाला २,४०० पानं म्हणजे २०० तास. दोन यंत्रं घेतली तर १०० तास, म्हणजे तीन आठवडे! असा हिशेब मीटिंगमध्ये टाळ्या मिळवतो आणि नंतर प्रमुखाच्या गळ्यात पडतो.

त्याऐवजी १०० फायलींची चाचणी घ्या. कपाटातल्या पहिल्या १०० घेऊ नका; त्या बहुधा नव्या आणि नीटनेटक्या असतात. दर १२०वी फाईल उचला. प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावा. समजा निघालेले आकडे असे आहेत. पिना, टाचण्या आणि दोऱ्या काढणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, फाटकी पानं चिकटवणं: फाईलमागे ५ मिनिटं. स्कॅनिंग, यंत्रात कागद अडकणं आणि मागच्या कोऱ्या बाजू वगळणं धरून, माणशी तासाला ६०० पानं. सूचीत नोंद: फाईलमागे २ मिनिटं. तपासणी: दहापैकी एक फाईल, ४ मिनिटं.

आता गुणाकार करा. तयारी १२,००० गुणिले ५ मिनिटं, म्हणजे १,००० तास. स्कॅनिंग ४,८०,००० भागिले ६००, म्हणजे ८०० तास. नोंदी ४०० तास. तपासणी १,२०० फायलींची, ८० तास. एकूण २,२८० तास. आठ तासांच्या दिवसातले साधारण सहाच तास प्रत्यक्ष कामाचे धरले तर ३८० मनुष्यदिवस.

कुठे काय अडतं तेही यातून दिसतं. दोन माणसं तयारीला आणि दोन स्कॅनरवर बसवली तर तयारीला ८३ दिवस लागतील आणि स्कॅनिंगला ६७. म्हणजे यंत्रं रिकामी बसणार. महागडा, दुप्पट वेगाचा स्कॅनर घेऊन एक दिवसही वाचणार नाही. त्या पैशात तयारीला तिसरा माणूस द्या: ती ५६ दिवसांत आटोपते आणि स्कॅनिंगच्या पुढे राहते. नोंदींना एक माणूस पुरतो, ४०० भागिले ६, तेही ६७ दिवस. अशी सहा माणसांची साखळी बरोबर जुळते. तपासणीला सातवा, अर्धवेळ. तो नोंदी करणारा नसावा, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

ज्या कामांची चाचणी घेता येत नाही, जसं की खरेदी किंवा मंजुरी, तिथे एक आकडा विचारू नका, तीन विचारा: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, आणि सगळं बिघडलं तर किती. मधल्या आकड्याची चौपट करा, त्यात बाकीचे दोन मिळवा आणि सहाने भागा. खरेदीसाठी २०, ३० आणि ७० दिवस असं उत्तर आलं तर २० अधिक १२० अधिक ७०, भागिले ६, म्हणजे ३५ दिवस. सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यांतलं अंतर सहाने भागलं की अनिश्चितता कळते. इथे ती आठ दिवसांच्या वर आहे. ही रीत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात ‘पर्ट’ या पद्धतीबरोबर आली. तिची अचूकता फार ताणू नये. खरा फायदा असा की ‘सगळं बिघडलं तर’ हा प्रश्न विचारला की माणसं मनातल्या शंका बोलून दाखवतात.

माणसं स्वतःच्या कामाचा वेळ सातत्याने कमी का धरतात, यावर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये लिहिलं आणि त्या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपण आपल्या कामाकडे आतून पाहतो, सगळं ठरल्याप्रमाणे होईल असं चित्र रंगवतो, आणि अशाच इतर कामांचं काय झालं हे विचारातच घेत नाही. त्यावर उपाय सोपा पण अहंकाराला टोचणारा: तुमच्यासारखी तीन-चार पूर्ण झालेली कामं शोधा आणि ठरलेला वेळ आणि लागलेला वेळ यांचं प्रमाण काढा. त्यांना दीडपट लागला असेल तर तुम्हालाही लागेल, असं धरून चाला.

कामांचा क्रम आणि सर्वात लांब वाट

ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथची, म्हणजे कामांची सर्वात लांब वाट शोधण्याची, रीत बसवली. तिचं गणित शाळेतल्या बेरजेचं आहे. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहा: किती दिवस, आणि आधी कुठलं काम संपायला हवं.

निकष आणि सूचीचा नमुना ठरवणं १० दिवस. त्यानंतर खरेदी ३५ दिवस, आणि त्याच वेळी माणसांची नेमणूक २० दिवस. दोन्ही झाल्यावर प्रशिक्षण ५ दिवस, मग खऱ्या यंत्रांवर आणि खऱ्या माणसांवर सरावाची तुकडी १० दिवस. मग तयारी सुरू. तिसऱ्या दिवसानंतर स्कॅनिंग सुरू, ६७ दिवस. शेवटच्या नोंदी, दुरुस्त्या आणि सोपवणी ७ दिवस. सर्वात लांब वाट: १० अधिक ३५ अधिक ५ अधिक १० अधिक ३ अधिक ६७ अधिक ७, म्हणजे १३७ कामाचे दिवस. आठवड्याला पाच दिवस धरले तर सत्तावीस आठवड्यांहून थोडं जास्त. नेमणुकीला १५ दिवसांची सवड आहे. तिला आठवडाभर उशीर झाला तर कोणाचंच काही अडत नाही. खरेदीला एक दिवस उशीर झाला तर शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते. म्हणून रोजचा पहिला फोन कुणाला करायचा हे ही वाट सांगते.

वेळ कमी करायचा असेल तर याच वाटेवर हात घाला. प्रशिक्षण आणि सराव खरेदीसाठी खोळंबले आहेत. दोन स्कॅनर तेवढ्यापुरते उसने किंवा भाड्याने मिळाले तर नेमणूक, प्रशिक्षण आणि सराव खरेदी चालू असतानाच उरकतील. आता एक वाट १० अधिक ३५, म्हणजे ४५ दिवसांची. दुसरी १० अधिक २० अधिक ५ अधिक १०, तीही ४५ दिवसांची. पुढचे ७७ मिळवले की १२२. पंधरा दिवस वाचले.

पण थांबा. आधी एकच नाजूक वाट होती, आता दोन आहेत आणि त्या एकाच ठिकाणी मिळतात. प्रत्येक वाट वेळेवर पोचण्याची शक्यता निम्मी असेल, आणि एकीचा दुसरीवर परिणाम होत नसेल, तर दोन्ही वेळेवर पोचण्याची शक्यता चौथा हिस्साच उरते. गँट चार्टवर हे दिसत नाही. जिथे बऱ्याच पट्ट्या एकाच उभ्या रेषेवर संपतात तिथे उशीर ठरलेलाच, असं समजून त्या रेषेपुढे काही दिवस मोकळे ठेवा. इथे पाच-सात दिवस ठेवावेत आणि तारीख १२२ ऐवजी १२८ सांगावी.

हे मोकळे दिवस प्रत्येक कामात थोडे थोडे वाटू नका. प्रत्येकाला दोन दिवस जास्त दिले की प्रत्येक जण ते वापरतो, काम दिलेल्या वेळेएवढं फुगतं, आणि लवकर संपलेलं काम लवकर संपलं असं कोणी सांगत नाही. राखीव दिवस वाटेच्या शेवटी किंवा वाटा मिळतात तिथे एकत्र ठेवा, त्यांना ‘राखीव’ असंच नाव द्या आणि ते खर्च करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवा.

पैसा आणि माणसं

फोड नीट झाली असेल तर बजेट म्हणजे निव्वळ बेरीज. मनुष्यदिवस गुणिले रोजचा खर्च, अधिक यंत्रं, साठवण, जागा, देखभाल, वाहतूक. ज्ञात जोखमींसाठी वेगळी राखीव रक्कम ठेवा. तिची टक्केवारी सवयीने टाकू नका, जोखमींच्या यादीतून काढा. यंत्र बिघडण्याची शक्यता २० टक्के आणि दुरुस्तीचा खर्च ५० एकक असेल तर राखीव १० एकक. अशा सगळ्यांची बेरीज करा. एकाच मोठ्या जोखमीला ही सरासरी पुरत नाही हे लक्षात असू द्या. तिच्यासाठी विमा, पर्यायी पुरवठादार किंवा वरिष्ठांकडून आधीच कबूल करून घेतलेली मदत लागते.

जबाबदारीच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी: करणार कोण, उत्तर देणार कोण, विचारायचं कोणाला, कळवायचं कोणाला. उत्तर देणारं नाव एकच असावं. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याकडे बघतात. आणि ‘विचारायचं’ या रकान्यात आठ नावं असतील तर त्या वस्तूला लागणारे दिवस वाढवा.

मागे पडलेल्या कामात माणसं वाढवली की ते पुढे येतं, हा समज सगळीकडे लागू पडत नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सॉफ्टवेअरच्या कामांबद्दल उलट लिहिलं होतं: उशीर झालेल्या कामात माणसं घातली की उशीर वाढतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचा वेळ जातो आणि आपसांतल्या बोलण्याच्या जोड्या वाढतात. पाच माणसांत १० जोड्या असतात, दहा माणसांत ४५. पिना काढायला माणूस वाढवला तर फायदा होतो, कारण तिथे बोलावं लागत नाही. सूचीचे निकष ठरवणाऱ्या गटात वाढवला तर बहुधा तोटा.

काय बिघडेल ते आधीच विचारा

जोखमींची यादी मागितली की लोक सौजन्याने तीन किरकोळ गोष्टी सांगतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली युक्ती त्याहून चांगली चालते. टीमला बसवा आणि सांगा: ‘आजपासून सात महिने उलटले आहेत. प्रकल्प पार फसला आहे. का फसला ते प्रत्येकाने पाच मिनिटांत, एकट्याने, कागदावर लिहा.’ मग एकेकाने एक कारण वाचायचं, फेऱ्या संपेपर्यंत. शंका काढणारा माणूस इथे खलनायक ठरत नाही, कारण फसणं आधीच मान्य केलेलं असतं. प्रमुखाने शेवटी वाचावं. तुम्ही आधी बोललात तर सगळे तुमचीच री ओढतील.

आपल्या उदाहरणात बाहेर येतील अशा गोष्टी: पिना काढलेल्या दोन फायलींची पानं एकमेकांत मिसळली, स्कॅन वाचता येत नाहीत हे सहा आठवड्यांनी कळलं, नोंदी करणारी एकटीच व्यक्ती रजेवर गेली, मधेच गोपनीय फायली निघाल्या आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकीपुढे तीन रकाने भरा: कशावरून आधी कळेल, टाळायला काय, झालंच तर काय. पानं मिसळण्यावर उपाय म्हणजे एका टेबलावर एका वेळी एकच उघडी फाईल आणि प्रत्येकीवर पानांची संख्या लिहिलेली चिठ्ठी. स्कॅनवर उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून रोज तपासणी, आठवड्याच्या शेवटी नव्हे.

काम सुरू झाल्यावर

मंजूर आराखड्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. दर आठवड्याला तारखा गुपचूप पुढे सरकवत गेलं की प्रकल्प कायम वेळेवरच दिसतो, आणि तेवढ्यानेच तो बुडतो.

‘झालं’ म्हणजे काय हे आधी ठरवा. स्कॅन झालेली फाईल झाली नाही. स्कॅन झाली, नोंदली, आणि त्या दिवसाची तपासणी पार पडली, तर झाली. ‘९० टक्के झालं आहे’ असं उत्तर स्वीकारू नका. कामाला एक तर शून्य द्या किंवा शंभर.

१२,००० फायली ६७ दिवसांत म्हणजे रोज सुमारे १८०. वीस दिवसांनंतर ३,६०० व्हायला हव्यात. २,७०० झाल्या असतील तर वेग पाऊणपट. रोजच्या १३५ च्या वेगाने १२,००० ना ८९ दिवस लागतील. म्हणजे २२ दिवसांचा उशीर तुम्हाला विसाव्या दिवशीच माहीत आहे, आणि अजून बरंच काही करता येतं: कुठला टप्पा तुंबला ते पाहता येतं, कमी मागणी असलेल्या फायली मागे टाकता येतात, नाहीतर तारीख बदलून मागता येते. ‘पुढच्या महिन्यात भरून काढू’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कशामुळे? पुढच्या महिन्यात काय वेगळं असणार आहे?

मधेच नव्या मागण्या येणारच. ‘एवढ्यात नकाशेही स्कॅन करून टाका ना!’ नाही म्हणण्याची गरज नाही. मागणी लिहून घ्या, दिवस आणि पैसा किती वाढेल ते दोन दिवसांत सांगा, आणि होकार लेखी घ्या. किंमत कळली की निम्म्या मागण्या आपोआप विरतात.

हे शिकायचं कसं

आखणी वाचून येत नाही, पण दरवेळी खरा प्रकल्पच हातात असावा लागतो असंही नाही. आपल्याच संस्थेत पूर्ण झालेला एखादा प्रकल्प घ्या. त्याचा मूळ आराखडा आणि शेवटचा अहवाल शेजारी ठेवा. कुठलं गृहीतक कुठल्या महिन्यात खोटं ठरलं ते शोधा, आणि ते सुरुवातीला कशाने तपासता आलं असतं ते लिहा. असे तीन झाले की तेच ते ढासळणारे खांब दिसू लागतात: मंजुऱ्या, खरेदी, एकाच माणसावर टेकलेलं काम.

दुसरा सराव रोजचा. वहीत दोन रकाने करा. काम हाती घेताना वेळेचा अंदाज लिहा, संपल्यावर लागलेला वेळ लिहा, आणि पन्नासेक नोंदी झाल्या की कामाच्या प्रकारानुसार प्रमाण काढा. लेखनाच्या कामाला तुम्ही दुप्पट वेळ घेता आणि हिशेबाच्या कामाला जेमतेम तेवढाच, असं काहीतरी निघेल. पुढच्या अंदाजाला त्याच आकड्याने गुणा.

तिसरा सराव माणसांसोबतचा. सहकाऱ्याचा आराखडा मागा आणि फक्त चौथा रकाना वाचा, गृहीतकांचा. रिकामा असेल तर तोच भरून परत द्या. मग तुमचा आराखडा त्याच्याकडे द्या आणि त्याने काय लिहिलं ते वादाशिवाय ऐकून घ्या. उत्तर त्याला द्यायचं नाही, आराखड्यात द्यायचं.